दोनशे तासांचं ऑइल

इंजिनाला हँडल मारायच्या आधी घाणेवाल्याची बायको शेडबाहेर जाऊन खोकून यायची. एकदा इंजिन सुरू झालं की आतला खोकला कुणाला ऐकू येत नसे, आणि ऐकू न आलेला खोकला नवरा धरत नाही, असं तिच्या नणंदेचं म्हणणं होतं.

"सगळा खोकून घे आधी," नणंद केरसुणी आपटत म्हणायची. "नाहीतर रात्री हा म्हणेल, आज बरी होतीस."

"आक्का, सकाळी सकाळी सुरू नको करूस," घाणेवाला म्हणायचा आणि हँडल लावायचा. उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यानं नेली होती, त्यामुळे हँडल तो डाव्यानं फिरवी. तीन-चार फेरे झाले की इंजिन धापा टाकत पेटायचं. धूर पाइपातून भिंतीपलीकडे जायचा. पण शेडची एकुलती एक खिडकी त्याच अंगाला होती आणि वारा उलटा असला की धूर परत आत यायचा. म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलं होतं.

त्या हंगामात बी ओलं आलं. कापणीच्या आठवड्यात पाऊस झाला, आणि करडई, जवस, एरंड, जे काही लोकांनी आणलं ते पोत्यातच घामेजलेलं होतं. ओलं बी घाण्यात गेलं की पेंडीचा चिखल होतो आणि तेल पिळणारा स्क्रू अडकतो. जास्त वाळवलं की तेल करपट येतं. दोन्हींच्या मधलं बी कोणतं, ते बायकोच्या मुठीला कळायचं. मूठभर बी घेऊन ती कानाशी दाबायची आणि म्हणायची, "जाऊ दे," किंवा "अजून एक ऊन." नवऱ्याच्या उरलेल्या बोटांना घट्टे पडले होते, त्यांना ते कळत नसे. आक्काच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. ती पेंड गोळा करायची आणि गोण्यांची तोंडं शिवायची, तीही चाचपून. त्यामुळे बायको बी सोडायच्या पेटीपाशी, इंजिनापासून चार हातांवर, उलट्या डब्यावर दहा-दहा तास बसायची. अठरा वर्षं बसली होती.

हंगाम लागायच्या आधीच डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. "हे धुराचं काम आहे," तो म्हणाला. "दोन महिने धुराबाहेर राहा. जे उरलंय ते वाचेल. याच कामावर बसलात तर ते वाचणार नाही."

बायकोचा भाऊ वर माळावर मेंढ्या राखायचा. तिथं जायचं ठरत होतं.

"हंगाम उरकला की जा," नवरा म्हणाला.

"हंगाम उरकल्यावर जाऊन करू काय?" ती म्हणाली. "हंगामातच तर धूर आहे."

तो अंगणात गेला आणि पोती उगाच इकडची तिकडं करत राहिला.

चाचणीवाली बाई आली ती त्याच आठवड्यात. तिशीतली, पायांत पुरुषी बूट, मोटारसायकलला मागे दोन पेट्या बांधलेल्या. कुठल्याशा प्रयोगशाळेनं वनस्पतीच्या तेलापासून एक औषध काढलं होतं. ते डिझेलमध्ये घालायचं नव्हतं. इंजिनाच्या पोटात जे ऑइल असतं, त्यात ते मिसळायचं. घासण कमी होते, इंजिन हलकं चालतं, धूर कमी होतो, असं ती म्हणाली. नव्या इंजिनावर पाहून झालं होतं. आता जुनी, झिजलेली इंजिनं हवी होती.

"झिजलेलं हवं असेल तर योग्य घरी आलीस," आक्का म्हणाली. "इंजिनापासून सुरुवात कर आणि माझ्यापर्यंत ये. आणि हे औषध कशाचं म्हणालीस?"

"मूळ एरंडेल असतं, आजी. पण त्यावर बरीच प्रक्रिया—"

"इंजिनाला एरंडेल! अगं, जुलाब होतील त्याला."

बाई हसली. घाणेवाला हसला नाही. त्यानं विचारलं, "धूर किती कमी होईल?"

"तेच बघायचंय, काका. मी वचन देत नाही."

तिनं एका पेटीतून हातभर लांबीचा पंप काढला. त्याच्या तोंडात रुपयाएवढा पांढरा कागद बसवला, इंजिन भाराखाली चालू असताना पंपाची नळी भिंतीबाहेरच्या पाइपात घातली आणि दांडा ओढला. कागद बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा. तिनं तो करड्या छटांच्या पट्टीशेजारी धरला आणि वहीत लिहिलं, सहा. शून्य म्हणजे कोरा, दहा म्हणजे काजळ.

मग जुनं ऑइल काढून नवं मिश्रण भरलं आणि वर टाकायला दोन लिटरचा कॅन ठेवला. अटी तिनं दोनदा सांगितल्या. इंजिन दोनशे तास चालवायचं. ऑइल कमी झालं तर याच कॅनमधलं टाकायचं. दुसरं काहीही नाही. काही अडलं तर फोन करायचा.

"दुसरं कशाला टाकू?" घाणेवाला म्हणाला.

रात्री त्यानं बायकोला सांगितलं, "हे बघ, धूर गेला तर जायची गरजच नाही. दोनशे तास म्हणजे वीस दिवस. कागद पांढरा आला तर तू बसशील. नाही आला तर एकविसाव्या दिवशी मी स्वतः तुला माळावर सोडतो."

अंगणात लोकांची पोती पडली होती, त्यांचा आंबूस वास घरात येत होता. "बरं," ती म्हणाली.

आठव्या दिवशी बाई पुन्हा आली. पंप, नळी, कागद. या खेपेला कागद राखाडी आला. साडेचार. तिनं तीनदा घेतला आणि तीनदा तेवढाच आला. तिलाही आनंद झाला होता, तो लपवत ती म्हणाली, "खरंच उतरलाय, काका. जुन्या इंजिनावर एवढा उतरेल असं मलाही वाटलं नव्हतं."

घाणेवाल्यानं एक कागद तिच्याकडून मागून घेतला आणि शेडच्या खांबाला खिळ्यानं ठोकला. बी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो दाखवायचा. "आधी सहा होता. आता साडेचार." लोक कागदाकडे बघायचे, मग इंजिनाकडे, आणि काही न कळता मान हलवायचे.

"कसं वाटतंय तुला?" त्यानं बायकोला विचारलं.

"कागद कमी खोकतोय," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मीही थोडी कमी." ते खरं होतं. सकाळी बाहेर जायची ती आता लवकर परत यायची. आक्कानंही ते मान्य केलं, पण तिच्या पद्धतीनं: "दगडापेक्षा वीट मऊ, इतकंच."

जुनं इंजिन ऑइल पितं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर रोज कपभर जातंच. बाराव्या दिवशी घाणेवाल्यानं कॅन उपडा केला आणि शेवटचे थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. मोजपट्टी बाहेर काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. त्यानं बाईला फोन लावला. ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कुणाच्या इंजिनापाशी होती. मागे त्याची धडधड ऐकू येत होती.

"काका, इंजिन बंद ठेवा. मी चार दिवसांत कॅन घेऊन येते. साधं ऑइल टाकलंत तर चाचणी मोडेल."

"चार दिवस?"

"बंद ठेवा. टाकू नका काही."

अंगणात एकोणीस पोती होती. वरच्या दोन पोत्यांत हात घातला तर बी गरम लागत होतं. चार दिवसांत त्याला बुरशी येणार होती, आणि एकदा बुरशीचं तेल गेलं की पुढच्या वर्षी लोक दुसऱ्या घाण्यावर जातात. शेडच्या कोपऱ्यात त्याच्याच हातचं एरंडेल होतं, गेल्याच आठवड्यात काढलेलं, दोनदा फडक्यातून गाळलेलं, मधासारखं घट्ट आणि स्वच्छ. त्यानं बाटली उजेडात धरली. एक बुडबुडा सावकाश वर गेला. मूळ हेच, असं ती बाईच म्हणाली होती. बाहेरून येतं ते डब्यात बंद होऊन येतं, एवढाच काय तो फरक, असं त्याला वाटलं. तीस वर्षं तेल काढणाऱ्या माणसाला आपल्या तेलाची शंका कशी येणार?

त्यानं लिटरभर ओतलं. वळला तर दारात आक्का.

"काय रे ते?"

"ऑइल."

"वास तर घरचा येतोय."

"तुला दिसत नाही तेच बरं आहे," तो म्हणाला. लगेच त्याला ते बोलल्याचं वाईट वाटलं. आक्का पेंड भरायला बसली.

बायको अंगणातून बियांचं टोपलं घेऊन आत आली, डब्यावर बसली, इंजिन सुरू झालं. तिनं एकदा मान वर करून इंजिनाकडे पाहिलं आणि पुन्हा बियांत हात घातला.

पुढचे चार दिवस इंजिन कधी चाललं नव्हतं इतकं मऊ चाललं. आवाजातली खरखर गेली. पाइपाच्या तोंडाशी धूर आहे की नाही ते बघायला डोळे बारीक करावे लागत. बाई कॅन घेऊन आली नाही. तिचा फोन आला की मोटारसायकल बिघडली, थेट विसाव्या दिवशीच येते. इंजिन बंद आहे का, ते तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी शेडमध्ये निळसर पदर दिसायला लागला. पाइपाचा धूर काळा असतो आणि बाहेर असतो. हा आत होता, इंजिनाच्या कमरेच्या उंचीवर, पेटीच्या दिशेनं हलणारा. बायकोचे डोळे लाल झाले. संध्याकाळी तिनं भिंतीला हात लावून दोनदा विश्रांती घेतली तेव्हा ती शेडमधून घरापर्यंत पोचली. अंतर वीस पावलांचं होतं.

"डोकं फुटतंय," ती म्हणाली.

"बाहेर जाऊन बघ, पाइपात धूरच नाही."

"मी पाइपात बसत नाही," ती म्हणाली.

सतराव्या दिवशी त्यानं फिटरला बोलावलं. फिटर म्हणजे तोंडात सतत काडी धरणारा, कुणालाही न घाबरणारा माणूस. त्यानं इंजिनाच्या कुशीला असलेल्या आखूड नळीपाशी तळहात धरला. नळी उलट्या डब्याकडे तोंड करून होती. तळहातावर फुंकर बसावी तशी वाफ येत होती.

"हा त्याचा उच्छ्वास," फिटर म्हणाला. "एवढा यायला नको. रिंगा चिकटल्यात. वरचा जाळ पिस्टनच्या बाजूनं खाली पोटात उतरतोय आणि इथनं बाहेर येतोय." त्यानं बाजूचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटापासून झाकणापर्यंत डिंकासारखी तार लोंबली. त्यानं ती नाकाशी नेली, मग घाणेवाल्याकडे पाहिलं.

"काय पाजलंस?"

"तेच. बाईंचं."

"बाईंचं?" फिटरनं बोट त्याच्याच नाकासमोर धरलं. बी घेऊन आलेले तिघं दारात उभे होते. "तू तीस वर्षं काय विकतोस ते तुला वासावरून ओळखू येत नाही होय? कच्चं तेल तापलं की डिंक होतो रे. हे सणाच्या दिव्यात घालायचं तेल, इंजिनात नाही."

दारातला एकजण हसला. घाणेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"उघडायला किती दिवस?"

"रिंगा मागवायच्या, साफ करायचं. आठ."

"तीन दिवसांनी चाचणी आहे."

"मग तीन दिवस चालव. मरायचं नाही ते लगेच." फिटरनं हात पोत्याला पुसले. "माणसं त्याच्यापाशी बसवू नकोस, एवढं सांगतो."

माणूस बसल्याशिवाय घाणा चालत नव्हता. पहिल्या दिवशी घाणेवाला स्वतः पेटीपाशी बसला. तासाभरात ओलं बी गेलं, स्क्रू अडकला, पट्टा निसटून भिंतीवर आदळला. अडकलेली पेंड छिन्नीनं फोडून काढेपर्यंत दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं ओढणीएवढं ओलं फडकं नाकातोंडावर बांधलं आणि जाऊन डब्यावर बसली. त्यानं तिला उठवलं नाही. ती बसली तेव्हा त्याला बरं वाटलं, हेही खरं.

विसाव्या दिवशी बाई आली. आधीच्यासारखंच, इंजिन भाराखाली, नळी भिंतीबाहेरच्या पाइपात. कागद निघाला. तिनं पट्टीशी धरला. "चार," ती म्हणाली. "अर्धा अजून उतरला." घाणेवाल्याचा चेहरा कित्येक दिवसांत पहिल्यांदा उजळला. तो म्हणाला, "बघितलंस आक्का?"

"मला कुठं दिसतं," आक्का म्हणाली.

बायको शेडमधून बाहेर आली. फडकं तिनं मानेवर उतरवलं होतं. तोंडाभोवती ते बांधलेलं होतं तेवढा भाग स्वच्छ होता आणि बाकी चेहऱ्यावर तेलकट तकाकी होती.

"ताई, एक कागद माझ्या जागेवर घ्याल?"

"काकू, हा पंप पाइपासाठी असतो. खोलीतल्या हवेवर आकडा काढता येत नाही त्यानं."

"आकडा नको. नुसता कागद काढा."

बाई पंप घेऊन आत गेली, उलट्या डब्यावर बसली आणि नळी आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर धरली. दांडा एकदा ओढला, दुसऱ्यांदा ओढला, दहा वेळा ओढला. दहाव्या वेळी ती खोकत बाहेर आली, तोंडाला रुमाल, डोळ्यांत पाणी. कागद पिवळट तपकिरी झाला होता आणि मधोमध ओलसर होता. पट्टीवर असा रंगच नव्हता. तिनं तो हुंगला.

"काका, काय टाकलंत?"

घाणेवाला खांबाकडे बघत राहिला.

"एरंडेल ओतलंय त्यानं," आक्का म्हणाली. "घरचं. लिटरभर. माझ्यादेखत. तेरावा दिवस नव्हता उजाडला."

"मी बंद ठेवा म्हणाले होते."

"पोती पडली होती," तो म्हणाला.

बाईनं वही उघडली. त्याच्या इंजिनाची ओळ होती, तीवर तिनं सरळ रेघ मारली. रागानं नाही, पट्टी लावून मारली.

"साडेचार तर खरा होता ना?" घाणेवाला म्हणाला. "तो तुमच्याच ऑइलचा होता. तेवढा तरी ठेवा."

"तो खरा होता. पण दोनशे तास पूर्ण झाल्याशिवाय तो लिहिता येत नाही." ती कॅन बांधायला लागली. मग हात थांबवून म्हणाली, "चूक माझीही आहे. पाइपाच्या तोंडाशीच मोजत राहिले. त्या कुशीच्या नळीचं तोंड कुणाकडे आहे, ते पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. काकू, डॉक्टरकडे आजच जा."

"तेल गेलं, तूप गेलं," आक्का पुटपुटली आणि पुढचं बोलली नाही.

डॉक्टरनं दुसरा फोटो काढला आणि पहिल्याशेजारी लावला. या वेळी त्यानं समजावून सांगितलं नाही. नवऱ्याला म्हणाला, "माळावर न्या. वाचवायला नाही म्हणत मी. श्वास घ्यायला त्रास कमी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रस्त्याकडे निघाली. गाडी रस्त्यावर थांबायची, आणि रस्ता घरापासून चढावर होता, फार तर दोनशे पावलं. लग्न होऊन आली तेव्हा याच चढावरून ती डोक्यावर पेंडीचं पोतं घेऊन जायची आणि वर पोचेपर्यंत तिचं बोलणं थांबत नसे. त्याच्या हातात तिचं गाठोडं होतं. मागे शेड बंद होतं, आणि आक्का दारात उभी राहून, ती दोघं तिला दिसत नसतानाही, त्यांच्या दिशेनं हात हलवत होती.

पहिल्यांदा ती दगडावर बसली तेव्हा म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय."

"वर गेल्यावर सांग. आधी चढ."

ती उठली. तीस-चाळीस पावलांवर परत बसली. हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत उचललेले. ओठ निळसर होते. तो समोर उभा राहिला, ऊन तिच्यावर येऊ नये म्हणून.

"तुम्ही ते ओतलंत ना," ती म्हणाली. थांबली. "वास मला... त्याच दिवशी आला."

त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

"इंजिन सुरू झालं... आणि आला. माझ्या हातचं बी होतं ते. मला... कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. श्वास आत जात होता, पण पुरेसा आत जात नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. वरून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"चला," ती म्हणाली. त्यानं तिला काखेत हात घालून उचललं आणि उरलेल्या चढावरून जवळजवळ उचलूनच नेलं. तिचं वजन त्याला आधी कधी माहीत नव्हतं. रस्त्यावर पोचले तेव्हा गाडी उभी होती आणि आतले लोक घाई करा म्हणत होते. त्यानं तिला पायरीवर चढवलं, गाठोडं आत दिलं. खिडकीची जागा मिळाली.

तो खिडकीपाशी गेला. "का नाही बोललीस?"

"मलाही वाटलं..." ती म्हणाली आणि खोकला आला. ती वाकली. वर आली तेव्हा गाडी हलली होती. तो बाजूनं चालायला लागला, मग पळायला. तिचे ओठ हलत होते. गाडीच्या इंजिनाखाली एकही शब्द ऐकू येत नव्हता. बोलून झाल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं, कळलं का म्हणून.

त्यानं मान हलवली, हो.